सोलर आहे, एसटीपी आहे, मग गोव्यातलं शहर अडतं कुठे?

फोंड्याच्या एका तरुण सिव्हिल इंजिनियरने विचारलंय: गोवा छोटा, माणसं शिकलेली, पाऊस मुबलक, पैसाही अगदीच कमी नाही. सोलर, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प), पावसाचं पाणी साठवणं, ग्रीन रेटिंग म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीला मिळणारं गुणांकन, सगळं बाजारात मिळतं. तरीही इथे पर्यावरणाला धरून शहर उभं राहत नाही, ते नेमकं कशामुळे? शेवटी जाता जाता असंही विचारलंय की आपल्या प्रकल्पासाठी ग्रीन रेटिंग घ्यावं का.

माझी नोकरी सांडपाणी आणि पावसाळी निचरा यांत गेली. त्यामुळे माझं उत्तर पाण्याच्या बाजूने झुकणार, हे धरून वाचा. तसंही गोव्यात बहुतेक प्रश्न शेवटी पाण्यावरच येऊन थांबतात.

पहिली अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. गोव्यातलं शहर कुठून कुठपर्यंत आहे, हे कोणत्याच कार्यालयाला माहीत नाही. 2011च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी नोंदली गेली, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. पण त्या यादीतल्या 70 शहरांपैकी पालिका होत्या फक्त 14: पणजी महानगरपालिका आणि 13 नगरपालिका. उरलेली 56 ही 'जनगणना शहरं'. पाच हजारांहून जास्त वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर, एवढं जमलं की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. कारभार मात्र पंचायतीचाच राहतो. ताळगाव, चिंबल, कळंगुट, कांदोळी, नावेली, सांकवाळ ही सगळी त्यातलीच. एक सरपंच, एक सचिव, दोन-चार कारकून आणि समोर सात मजली इमारतीची फाइल.

आता ही फाइल फिरते कशी, ते बघा. आराखड्याची तांत्रिक मंजुरी नगरनियोजन खात्याकडून, शौचालयाचा दाखला आरोग्य खात्याकडून. नळ एका खात्याचा, रस्ता दुसऱ्याचा, नदी जलस्रोत खात्याची, किनारा सीआरझेडवाल्यांचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम सांभाळणाऱ्यांचा, मलवाहिनी महामंडळाची. प्रत्येक जण आपापल्या चौकटीपुरतं बघतो आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं. पण एकाच ओहोळाच्या काठी अशा तीस फाइली मंजूर झाल्या की त्या ओहोळाचं काय होणार, याची बेरीज करणारं टेबल कुठेच नाही. त्यात माणसांचा हिशेबही धड लागत नाही. राज्याची लोकसंख्या 15 लाखांच्या आसपास आणि 2024 साली येऊन गेलेले पर्यटक एक कोटीहून जास्त. पाइपचा व्यास ठरवताना यातला कोणता आकडा धरायचा, यावर आमच्या बैठकांत जेवढा वाद झाला तेवढा दुसऱ्या कशावर क्वचितच झाला असेल.

आता पाण्याकडे येतो. पणजीपासून सुरुवात करू, कारण तिथे चित्र सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

पणजी ही बऱ्याच अंशी भर घालून उभी केलेली आहे. 1843 मध्ये ती राजधानी झाली, पण त्याआधीपासूनच दलदल बुजवून रस्ते आखणं सुरू होतं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 1630च्या दशकात, पणजी आणि रायबंदर जोडणारा पोंते द लिन्यारेस बांधला गेला. जवळपास तीन किलोमीटरचा हा दगडी रस्ता खारफुटी आणि मिठागरांमधून जातो आणि आजही वापरात आहे. म्हणजे पाण्यात बांधकाम करणं इथे नवीन नाही. फरक एवढाच की जुन्या बांधकामात पाण्याला कमानी आणि खाड्या मोकळ्या ठेवलेल्या असत.

मांडवीच्या मुखाशी भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. पणजीची गटारं मांडवीत, सांतिनेजच्या खाडीत आणि मळा या वस्तीच्या बाजूच्या खाडीत सुटतात. भरती वर आली की त्यांची तोंडं पाण्याखाली जातात. त्या तीन-चार तासांत जोराचा पाऊस झाला तर पाणी बाहेर पडूच शकत नाही, ते कुठेतरी थांबावं लागतं. पूर्वी ते सखल शेतांत, खाड्यांत आणि मिठागरांत थांबायचं. आता जिथे जागा मिळेल तिथे थांबतं, म्हणजे मळ्यातल्या घरांत आणि अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांत. हिशेब फार सोपा आहे. एक हेक्टर सखल जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. जुलैत एका दिवसात एवढा पाऊस इथे नवलाचा नाही. तुम्ही ती हेक्टरभर जमीन मातीचा भराव टाकून दोन मीटर उचललीत, की हे शंभर टँकर शेजाऱ्याकडे पाठवलेत. तो शेजारीही पुढच्या वर्षी घर पाडतो, जोतं उचलून नवीन बांधतो, आणि पाणी त्याच्या पलीकडे जातं. अशा गल्ल्यांत सगळ्यांत जुनं घर सगळ्यांत खाली असतं आणि पाणी त्याच्याच बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, शिरतं.

भराव घालण्याविरुद्ध कायदा नाही असंही नाही. नगरनियोजन कायद्यातलं 17-अ कलम परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला मनाई करतं. पण त्याची अंमलबजावणी तक्रार झाल्यावर सुरू होते आणि तोवर डंपर येऊन गेलेले असतात. भराव एकदा पडला की तो उपसायला कोणी लावल्याचं उदाहरण शोधायला बसावं लागतं.

यावरचा जुना उपाय गोव्यानेच काढलेला आहे: खाजन. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखून घेतलेली ही जमीन राज्यात सुमारे 18 हजार हेक्टर. भोवती माती-चिऱ्यांचे बांध, आत पाणी खेळवणारे चर आणि बांधात बसवलेली लाकडी दारांची मानस. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटतं. ना मोटर, ना ऑपरेटर. परदेशी कंपन्या 'टायडल फ्लॅप गेट' म्हणून जे विकतात ते तत्त्व हेच. आत कोरगूटासारखं खारं सोसणारं भात, मानशीपाशी मासळी, पावसाळ्यात पुराच्या पाण्याला जागा. एकाच जमिनीत शेत, तळं आणि पूरनियंत्रण.

हे चालायचं, कारण सांभाळणारं कोणीतरी होतं. गावकारी, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी संस्था, पुढची कोमुनिदाद, बांधांची डागडुजी करायची आणि तिचा खर्च गावाच्या उत्पन्नातून काढायची. मुक्तीनंतर कूळ कायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्यायाचंच होतं आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. मात्र बांध सांभाळण्याचं काम कूळ संघटनांकडे आलं, तेव्हा त्यासाठी लागणारं मनुष्यबळ आणि पैसा त्यांच्याकडे तेवढा आला नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी जास्त वेळ आत हवं असतं, कारण त्यासोबत मासळी येते. शेत करणाऱ्याला ते नको असतं. शेत करणारे कमी होत गेले तशी मासळीची बाजू वरचढ झाली. बांध फुटला, दोन-तीन पावसाळे कोणी लक्ष दिलं नाही, की शेतात खारफुटी उगवते. आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे! मग शेतकऱ्याला बांध दुरुस्त करून शेत परत मिळवणंही अवघड होऊन बसतं. पर्यावरणाचे दोन चांगले नियम एकाच बांधावर समोरासमोर उभे राहतात, ते असे. 2011च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आली: खाजनांचे नकाशे करा, व्यवस्थापनाचे आराखडे करा, तिथे बांधकाम नको. कागद उत्तम आहे. पण बांध कागदाने टिकत नाही, त्याला दरवर्षी चिखल लागतो आणि चिखल टाकणारी माणसं लागतात.

आता वर चढू. गोव्याचं दुसरं जलयंत्र म्हणजे सडा. पर्वरी, दोनापावला, बांबोळी, कदंब पठार, वेर्णे, मोपा ही सगळी जांभ्याची पठारं. उन्हाळ्यात बघाल तर काळवंडलेला दगड आणि वाळलेलं गवत, म्हणून जमिनीच्या कागदांत त्यांची गणना ओसाडात होते. शेत नाही, जंगल नाही, पूर येत नाही, पाया भक्कम. बांधकामाला याहून चांगली जागा कोणती? मीही दुसऱ्या राज्यातून आलो असतो तर हेच म्हणालो असतो. पण जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकण मातीच्या थराशी अडतो आणि उताराच्या पायथ्याशी झर म्हणून बाहेर येतो. त्या झरींवर तळी, कुळागरं (पोफळीच्या बागा) आणि गावातल्या विहिरी चालतात. पठारावर काँक्रीट झालं की पावसाळ्यात खालच्या वाड्यात पूर आणि मार्चमध्ये त्याच वाड्यात टँकर, असं दुहेरी चित्र दिसतं. वरच्या वसाहतीतल्या माणसाला या दोन्ही गोष्टी आपल्यामुळे झाल्या हे कळण्याचं कारणच नसतं.

"एवढा पाऊस पडतो तर टाक्या बांधून साठवा की," असं प्रत्येक कार्यशाळेत कोणीतरी म्हणतंच. हिशेब करून बघू. गोव्यात वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर. चार जणांच्या घराला माणशी 135 लिटरप्रमाणे दिवसाला 540 लिटर लागतं. म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या आत, वरकरणी उरतंच. पण पाऊस चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांसाठी साधारण 1 लाख 30 हजार लिटरची टाकी लागेल, एका घराला. एवढी टाकी कोणी बांधत नाही, सोसायटीत दहा हजार लिटरची टाकी ठेवून फोटो काढतात. आपली खरी टाकी सडा आहे, ती फुकट मिळालेली आहे आणि आपण तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवतो. म्हणून मी साठवण्यापेक्षा मुरवण्याच्या बाजूचा. विहिरी जिवंत ठेवा, छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडा, पठारावर बांधायचंच असेल तर झरींच्या माथ्यावरचा भाग मोकळा सोडा. साळावली, ओपा, अस्नोडा इथून येणारं नळाचं पाणी हवंच. पण म्हादई नदीच्या पाण्यावरून तीन राज्यांत वाद चालू असताना गावातली विहीर बुजवणं याला मी शहाणपण म्हणणार नाही.

जांभ्याच्या सच्छिद्रपणाची दुसरी बाजू जास्त घाणेरडी आहे. पाणी मुरतं तसं सेप्टिक टँकचं पाणीही मुरतं. सोक पिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आणि विहीर यांच्यात किती अंतर हवं, याचा नियम आहे. तो नियम एक घर, भोवती परसू आणि माड असं चित्र डोळ्यापुढे ठेवून केलेला. त्या परसात बारा फ्लॅट उभे राहिले तर अंतर तेवढंच राहतं, सांडपाणी मात्र कित्येक पटींनी वाढतं. जांभ्यातली भोकं एकमेकांना कशी जोडलेली आहेत ते कोणालाच दिसत नाही. नितळ दिसणाऱ्या विहिरीचा नमुना तपासायला पाठवला की त्यात मैलाजन्य जिवाणू निघतात, आणि घरमालकाला हे पटवून देणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत कठीण काम.

मग मलवाहिन्या टाका, असं उत्तर येतं. टाकल्याही आहेत. पणजीत टोंक, मडगावात शिरवडे, वास्कोत बायणा इथे प्रक्रिया प्रकल्प आहेत. तरी मडगावातून वाहणारी साळ नदी देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत का? कारण प्रकल्प आणि रस्त्याखालचा मुख्य पाइप सरकार बांधतं, पण घरापासून त्या पाइपापर्यंतचे शेवटचे काही मीटर घरमालकाचे. गोव्यातल्या जुन्या घराचं न्हाणीघर आणि संडास मागच्या बाजूला, रस्ता पुढच्या बाजूला. जोडणी घ्यायची तर घराच्या कडेने खोदायचं आणि ती कड चुलतभावाची. किंवा घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, आणि जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, दोघांचा दावा मामलेदारासमोर. किंवा मालक मुंबईत, त्याचा भाऊ लिस्बनमध्ये आणि वाटणी आजोबांच्या नावावरच अडकलेली. सेप्टिक टँक तर चालूच आहे, मग हे सगळं कशाला, असं घरातल्या म्हातारीने म्हटलं तर तिला दोष देता येत नाही. माझं ठाम मत असं की मलनिस्सारण योजनेच्या खर्चातच घरापर्यंतची जोडणी धरायला हवी आणि ती सरकारनेच करून द्यायला हवी. कोटींचा प्रकल्प बांधून शेवटच्या वीस मीटरसाठी नोटिसा पाठवत बसणं ही काटकसर नाही.

एसटीपीबद्दल तुम्ही विचारलंत, तर गोव्यापुरती एक गोष्ट सांगतो जी कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. एसटीपीमध्ये काम करतात ते जिवाणू. त्यांना रोज हवा लागते आणि रोज अन्न लागतं. 2011च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे एखादं घर रिकामं नोंदलं गेलं, आणि सुट्टीसाठी घेतलेल्या फ्लॅटांची संख्या त्यानंतर कमी झालेली मला तरी दिसत नाही. अशा वसाहतीत जुलैत चाळीस फ्लॅटांपैकी पाचांत दिवा असतो. टाकीत येणारं सांडपाणी इतकं कमी की जिवाणू उपाशी मरतात. मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाळीसही फ्लॅट भरतात, प्रत्येकात सहा-सहा माणसं. मेलेल्या टाकीवर एकदम पूर्ण भार. प्रक्रिया न होता पाणी जसंच्या तसं बाहेर. त्यात सोसायटीने वीजबिल वाचवायला टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवलेला असेल तर बोलायलाच नको. म्हणून इथे एकच मोठी टाकी ठेवण्यापेक्षा दोन-तीन छोटे भाग करा, एक कायम चालू राहील असा. आणि ज्या पद्धतीला चोवीस तास वीज लागते तिच्यापेक्षा जागा जास्त घेणारी पण आपोआप चालणारी पद्धत बरी. बिल्डरला हे पटत नाही, कारण जागा म्हणजे फ्लॅट.

कचऱ्याच्या बाबतीत गोव्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पणजीने 2003च्या सुमारास रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून घरोघरी वेगवेगळा कचरा गोळा करायला सुरुवात केली. नंतर कुडक्याचा कचरा डेपो न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला आणि टाकायला जागाच उरली नाही. वसाहतीत खत करणं, सुका कचरा अनेक प्रकारांत वेगळा करणं, हे त्यातून आलं. मला नेहमी वाटतं की डेपो उघडा राहिला असता तर यातलं निम्मंही झालं नसतं. मडगावकडे सोनसोडो होता, टाकायला जागा होती, म्हणून ढीग वाढत राहिला आणि मे 2019 मध्ये त्याला आग लागून दिवसेंदिवस धूर पसरला. साळगावचा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला, तो बंदिस्त आहे, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज करतो. त्याआधी त्याच जागी उघडा ढीग होता, हे विसरून चालणार नाही. लोकांना 'आधीपेक्षा बरं' हे नाकाने कळलं. असाच प्रकल्प जिथे करायचं ठरलं त्या बायंगिणीत मात्र अजून काहीच उभं नसताना विरोध पेटला आणि तिथल्या माणसांना तुच्छतेने 'विकासविरोधी' म्हणणाऱ्यांनी आपल्या घरामागे असा प्रकल्प घ्यायची तयारी आधी दाखवावी. अजूनही न सुटलेला भाग आहे तो पुनर्वापर होत नाही अशा सुक्या कचऱ्याचा. तो गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांकडे जातो. म्हणजे आपली स्वच्छता थोडी शेजाऱ्याच्या खात्यावर चालते.

जमिनीच्या झोनबद्दल, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल याबद्दल, खूप लिहिता येईल, थोडक्यात सांगतो. 2006 साली अधिसूचित झालेला 'प्रादेशिक आराखडा 2011' लोकांच्या आंदोलनानंतर 2007च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने 'प्रादेशिक आराखडा 2021'चं काम केलं, नकाशे गावोगावच्या ग्रामसभांपर्यंत गेले. लोकांनी आपल्या गावातली झर, तळी, देवराई स्वतः नकाशावर दाखवली. माझ्या मते गोव्याच्या नियोजनातलं सगळ्यांत चांगलं काम तेच. 2011 मध्ये तो अधिसूचित झाला आणि 2012 मध्ये स्थगित. नंतरच्या काळात आराखडा करण्याऐवजी सर्व्हे क्रमांकागणिक झोन बदलण्याच्या वाटा नगरनियोजन कायद्यात आल्या: 2018 मध्ये 16-ब कलम, 2023 मध्ये 17(2), 2024 मध्ये 39-अ. यातल्या 17(2)खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. न्यायालयीन बाजू वकिलांनी सांगावी. निचऱ्याच्या माणसाची तक्रार वेगळी आहे. माझा पाइप तीस वर्षांसाठी असतो. वरच्या बाजूचा ऑर्चर्ड (बागायती) झोन उद्या सेटलमेंट (वस्तीचा) होणार की नाही हे मला माहीत नसेल, तर मी पाइप केवढा टाकू? एकेक प्लॉट बदलण्याचा परिणाम प्लॉटवर दिसत नाही, तो दोन किलोमीटर खाली, दहा वर्षांनी दिसतो.

इथे एक न आवडणारी गोष्ट बोलतो. डोंगरउतारावर झाडं राखून, जांभ्याच्या भिंती, वर सोलर, अशी 'इको व्हिला' बांधणारे माझे बरेच मित्र आहेत. त्यांची घरं सुंदर असतात. पण त्या एका घरासाठी उतार कापून रस्ता, वेगळा पाण्याचा टँकर, वेगळा सेप्टिक टँक आणि दारात दोन मोटारी. मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारामागे, मलवाहिनीच्या टप्प्यात, बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली चार मजली साधी इमारत जमिनीच्या आणि पाण्याच्या हिशेबात कितीतरी हलकी पडते. गोंयकाराला उंच इमारत आवडत नाही, मला कळतं. पण वस्ती पसरली की बस चालत नाही. सरकारी कदंबच्या बसला भरायला एका थांब्यावर पुरेशी माणसं मिळत नाहीत, खाजगी बस संध्याकाळ झाली की गायब, म्हणून घरातला प्रत्येक जण दुचाकी घेतो. मांडवीवर अटल सेतू झाला, झुआरीवर नवा पूल झाला, तरी पर्वरीला गाडी अडतेच. पूल हा वाहतुकीचा इलाज नाही, हे पूल बांधणाऱ्या खात्याला सांगणं मात्र अवघड. विजेबद्दल एकच वाक्य: ती जवळपास सगळी राज्याबाहेरून येते, म्हणून पणजीतला काचेचा दर्शनी भाग आणि मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तारांचा वाद या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

मग करायचं काय? जनगणना शहरांना नगरपालिका करा, असं दिल्लीतले सल्लागार सांगतात. मला ते पटत नाही. गोव्यात ग्रामसभेत माणूस उठून उभा राहतो आणि सरपंचाला जाब विचारतो. कितीतरी वाईट प्रकल्प तिथेच थांबले आहेत. पालिका झाली की तो हक्क जातो, घरपट्टी वाढते आणि बदल्यात काय मिळतं हे अस्पष्ट. ग्रामसभा राहू द्या. मात्र एकाच खाडीवर वसलेल्या पालिकेने आणि पंचायतींनी, उदाहरणार्थ पणजी, ताळगाव, सांताक्रूझ, मेरशी, चिंबल यांनी, पाण्यापुरतं एक सामाईक तांत्रिक कार्यालय ठेवावं. त्यात दोन-तीन अभियंते, एक सर्वेक्षक, भूजल जाणणारा एक माणूस. त्यांनी पहिलं काम करावं ते जमिनीच्या पातळ्यांच्या नकाशाचं: कुठली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा किती वर, कुठला ओहोळ कुठे मिळतो, कुठल्या मानशी चालू, कुठल्या बंद. तो नकाशा कुलपात न ठेवता पंचायतीच्या भिंतीवर लावावा. बांधकामाच्या प्रत्येक परवान्यासोबत त्यांचा एक कागद असावा: या प्लॉटचं पाणी कुठे जाणार. सामाईक कार्यालयाला अधिकार कोण देणार, पगार कोण देणार, आणि पुढचं सरकार ते गुंडाळणार नाही कशावरून, हे प्रश्न खरेच आहेत. पण एसटीपीचा नवा ब्रँड शोधण्यापेक्षा मी माझा वेळ या प्रश्नांवर घालवीन.

तुमच्या हातात एक प्लॉट आहे, राज्य नाही. तेव्हा तुमच्यापुरतं सांगतो. जागा मे महिन्यात बघू नका, किंवा निदान फक्त मे महिन्यात बघू नका. जुलैत अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला, पाऊस पडत असताना जा. आसपास मानस सांभाळणारा, मासे पकडणारा किंवा जुना शेतकरी असेल तर त्याला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं. तो दगड दाखवील. शेजारच्या विहिरींची पातळी एप्रिल-मेमध्ये मोजून लिहून ठेवा आणि बांधकाम झाल्यावरही मोजत राहा. सर्वेक्षकाला पातळ्या रस्त्याच्या हिशेबाने न घेता समुद्रसपाटीच्या बेंचमार्कपासून घ्यायला लावा, कारण रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो. जोतं उचलायचंच असेल तर खांबांवर उचला, भरावावर नको. आणि सोसायटीला एसटीपी सोपवताना पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च ठेव म्हणून बाजूला काढायला मालकाला भाग पाडा. तो कुरकुर करील, पण विक्रीच्या किमतीत ती रक्कम दिसणारही नाही.

ग्रीन रेटिंगचं विचारलंत. घ्या, त्यातून काच, इन्सुलेशन, नळांचा प्रवाह अशा गोष्टींना निदान शिस्त लागते. फक्त त्यातले गुण बहुतांशी इमारतीच्या आत मोजलेले असतात. खाजनावरच्या भरावावर किंवा झरीच्या माथ्यावर उभी असलेली इमारतही इतर रकान्यांत गुण मिळवून वर जाऊ शकते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी जागेचा निर्णय झालेला असू द्या, आणि जागाच चुकीची असेल तर मालकाला तसं लेखी कळवा. पुढे कोणी विचारलं तर तो कागद तुमच्या उपयोगी पडेल.